पाणी कोमट हाय

माझ्या मुलीच्या अंगाला तिच्या आयुष्याच्या पहिल्या महिन्यात जे जे लागलं त्याची यादी केली, तर एक बऱ्यापैकी चालणारं किराणा दुकान उभं राहील. हरभऱ्याचं पीठ, मसुरीचं पीठ, दुधावरची साय, हळद, आंबेहळद, तिळाचं तेल, वेखंड, उगाळलेलं जायफळ, उकळलेला कडुलिंबाचा पाला, आणि एकदा, कुणाच्या सांगण्यावरून ते आता आठवत नाही, ज्वारीच्या पिठाची पेज. मुलगी जेमतेम पावणेतीन किलोची. तिच्यापेक्षा तिच्या अंगावरचा माल जड.

आता मी हे हात नाचवून सांगते. चार माणसं जमली की मला उभं केलं जातं आणि मी मावशीचा आवाज काढते, आबांची चाल करून दाखवते, लोक हसून हसून डोळे पुसतात. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, कानाला रुमाल बांधून बाजेवर बसले होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लेकीची कातडी रोज थोडी थोडी उकलत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी आले होते. माहेर बारामती तालुक्यात, वडगाव निंबाळकरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. सासर इंदापूर तालुक्यात. आमचे हे लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जायचे आणि रविवारी एसटीने बायको-मुलीला बघायला यायचे. दिवस हिवाळ्याचे. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर, कारखान्याची काजळी दोरीवरच्या दुपट्यांवर, आणि हवा अशी कोरडी की आईच्या टाचांनी गोधडीचे धागे निघायचे.

माझ्या आईने दवाखान्यात नाव घालायच्या आधी मावशीकडे नाव घातलं होतं. मावशी नात्याने आमची कुणी नव्हती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं तिचं काम, आणि सगळा गाव तिला मावशीच म्हणायचा. तिने मला न्हाऊ घातलं होतं, माझ्या भावाला घातलं होतं, आमच्या वाडीतल्या निम्म्या माणसांची नाकं तिने पिठाच्या बोटांनी वर ओढून सरळ केली होती. गावात कुणी मोठ्या आवाजात बोलायला लागला की ती लांबूनच म्हणायची, “ए, तुला मी पायावर घेतलाय,” आणि मिशीवाला माणूस गप्प व्हायचा. त्या हिवाळ्यात तिच्याकडे आठ घरं होती. आमचं पाचवं. सकाळी नऊला ती मागच्या दाराने यायची, पदर खोचायची, आणि घरात तिचं राज्य सुरू व्हायचं.

“पाणी तापलंय का गं?”

“तापलंय मावशी.” हे आई म्हणायची. माझ्या आईचा आवाज एवढा बारीक झालेला मी दुसऱ्या कुणापुढे ऐकला नव्हता.

मोरीत पाट मांडून मावशी पाय लांब करून बसायची. पोरीला नडग्यांवर पालथी घालायची. आधी तेल. मग तो गोळा: हरभऱ्याचं पीठ, साय आणि हळद एकत्र मळलेली. त्या गोळ्याने पाठीवरची, कपाळावरची, दंडावरची लव काढायची. लव पिठात गुंतून निघायची आणि मावशी ती बोटावर धरून दाखवायची, “बघ, अस्वल आणलं होतंस, माणूस करून देते.” त्यावर बंबातलं पाणी, तांब्या उंच धरून. शेवटी दुपट्यात गुंडाळून शेगडीवर धुरी: ओवा, वावडिंग, लसणाची सालं. पोर टाहो फोडायची, तळपायापासून टाळूपर्यंत लालबुंद व्हायची.

“रंग उघडतोय,” मावशी म्हणायची.

“उघडतोय व्हय?” आईला आनंद आवरायचा नाही. मुलगी माझ्यावर गेली होती, म्हणजे सावळी. आणि सासरकडचे लोक गोरे. त्यामुळे पोर जितकी लाल होई तितकी माझी आई खूश होई. मीही पहिले आठ-दहा दिवस खूश होते, हे कबूल करते. मला वाटायचं, न्हाणं असंच असतं. इतकं रडून झाल्यावर पोर तीन तास गाढ झोपायची. ती झोप नव्हती, दमणूक होती. पण ते कळायला मला स्वतःला अजून बरंच दमायचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या गालावर हात फिरवला तर बोटाला काही तरी टोचलं. बघते तर बारीक खपल्या. दोन दिवसांनी कोपराच्या खोबणीत, मग मानेच्या वळीत. तिथून लस यायला लागली. झबलं चिकटायचं, सोडवताना पोर किंचाळायची. एवढंसं पोर, त्याला खाजवायचंही कळत नाही; ते नुसतं डोकं गादीवर इकडून तिकडे घासायचं. मी तिचे हात धरून बसायची. डोकं कसं धरणार?

आणि मग सल्लागार मंडळाची बैठक सुरू झाली.

“उष्णता हाय,” शेजारची काकू म्हणाली, आणि आंबेहळद घेऊन आली.

“हिनं वांगं खाल्लं असंल,” आई म्हणाली. मी बाळंतीण, माझ्या ताटात मेथी, बाजरीची भाकरी आणि डिंकाचे लाडू यांखेरीज काही येत नव्हतं. वांगं मला स्वप्नातही दिसलं नव्हतं.

“पिठात मसूर घाल. नुसत्या हरभऱ्यानं भागंना,” मावशी म्हणाली.

चुलत आजी काठी टेकत येऊन म्हणाली, “दिष्ट हाय. जायफळ लावा आन् मीठ ओवाळा.”

आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून आत डोकावून म्हणाले, “कडुलिंब उकळा. आमी म्हशीला खरूज झाली तवा...”

“तुमी गप बसा. म्हस न्हाय ती,” आई म्हणाली.

पण पाला उकळला गेलाच. गंमत बघा, जो येई तो एक जिन्नस वाढवून जाई. आधीचं काही काढा, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. पिठावर हळद, हळदीवर जायफळ, जायफळावर वेखंड. मी बाजेवरून म्हणायची, “आई, एक दिवस काहीच नको लावूया का?” तर आई माझ्याकडे अशी बघायची, जणू मी पोरीला उपाशी ठेवा म्हणाले.

रविवारी आमचे हे आले. पोरीला बघून त्यांचं तोंड उतरलं. पुरुषमाणूस, सासुरवाडीत, बोलणार काय? खिशातून एक छोटी ट्यूब काढून त्यांनी हळूच माझ्या उशाखाली सरकवली. इंदापूरच्या मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने ही दिली. “कुणाला सांगू नको,” ते म्हणाले. मी सांगितलं नाही. आई दुपारी ढाराढूर झोपायची तेव्हा मी पोरीच्या गालावर, मानेवर ती मलई लावायची. आणि काय सांगू! दोन दिवसांत गाल साफ. लोण्यासारखे.

त्या आठवड्यात आमच्या घरी जो श्रेयाचा तमाशा झाला तो बघायला तिकीट लावायला हवं होतं.

“माझ्या आंबेहळदीनं उतरलं बघ,” काकू.

“आंबेहळद कशाची? मसुरीचं पीठ ते,” मावशी.

चुलत आजीने तर स्वतःच्याच जायफळाला नमस्कार केला. आबा गोठ्यातून ओरडले, “कडुलिंब!” आणि मी उशीखालच्या ट्यूबवर डोकं टेकून साळसूदपणे सगळ्यांच्या हो ला हो करत होते. आयुष्यात मला इतकं चतुर कधी वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी ट्यूब संपली. दहाव्या दिवशी सगळं परत आलं, आणि एकटं आलं नाही. आता कपाळावर, पापण्यांवर, कानामागे. कातडी इतकी पातळ दिसायला लागली की गालाखालची निळी शीर मोजता यावी. श्रेय घ्यायला आलेली माणसं पांगली. “तुझ्याच दुधात काय तरी हाय,” काकू जाता जाता म्हणाली. ते वाक्य मी हसत सांगू शकत नाही. अजूनही.

ट्यूबचं मी आईला कबूल केलं. मार बसेल अशी तयारी ठेवून. पण आई रडायलाच लागली, आणि तिला रडताना बघून आबांनी मोटरसायकल नाही, थेट शेजाऱ्याची जीप मागून आणली. महिना पुरा झाला नव्हता. बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढायचं म्हणजे केवढं संकट! दोन स्वेटर, कानाला दोन रुमाल, पोटाला पट्टा, पोरीच्या गालावर काजळाची तीट, तीही नेमकी खपलीवर. असा आमचा जथा बारामतीला कातडीच्या डॉक्टरांकडे पोहोचला.

डॉक्टर बारीक चणीचे, बोलायला सावकाश. त्यांनी पोरीला उघडी केली, कोपराची खोबण बघितली, मान बघितली, आणि पेन उघडून विचारलं, “हिच्या अंगाला काय काय लावता?”

आईने घसा साफ केला. असा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी वहीपेन घेऊन विचारत होतं. ती सांगत गेली, डॉक्टर लिहीत गेले. पान भरलं. त्यांनी पान उलटलं. ज्वारीच्या पेजेपाशी आल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“घरी जमीन सारवता का?” त्यांनी आईला विचारलं.

“सारवते की. मागली खोली, अंगण.”

“ताज्या सारवणावर रोज खराटा घासला तर?”

“पोपडं निघत्याल.”

“मग त्यावर तुम्ही आणखी जाड शेण थापाल, का खराटा थांबवाल?”

डॉक्टर म्हणाले, काही बाळांची कातडी जन्माने नाजूक असते. ओल धरून ठेवत नाही, बाहेरचं सगळं आत घेते. तिला ताकद द्यायची म्हणजे वस्तू वाढवायच्या नाहीत, काढायच्या. पीठ बंद, हळद बंद, धुरी बंद, वासाची पावडर बंद. त्या ट्यूबचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली. ती कधी कधी लागते, पण मोजून आणि डॉक्टरच्या हाताखाली, आणि तोंडाला अशी चोपडायची तर नाहीच. न्हाणं दोन-तीन मिनिटांचं, पाणी कोमट. अंग टिपून घेतलं की ओलसर असतानाच पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. ती कातडीवर झाकण घालते. हे सगळं निवळलं की मग हवं तर एक एक वस्तू करून बघा. दंडावर दोन बोटांएवढी जागा घ्यायची, एका वेळी एकच, आणि तीन दिवस थांबायचं.

आबा पुढे झुकून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जर्शी गायीच्या सडाला थंडीत भेगा पडत्यात, तवा आमी असलंच काय तरी लावतो. डेअरीवाल्यानं डबा दिलाय.”

“भरतात का भेगा?”

“भरत्यात की.”

“झालं तर. फक्त तो डबा हिला नको, त्यात औषध असतं. मेडिकलमधून साधी घ्या.”

आबांनी आईकडे विजयी मुद्रेने बघितलं. परत येताना जीपमध्ये आई एवढंच म्हणाली, “एवढ्या लांब आलो आन् जेली दिली.” पण तिने जेलीची डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

आता खरा प्रश्न. मावशीला सांगायचं कुणी?

“तू सांग,” मी आईला म्हणाले.

“मी? तिनं तुला सरळ केलीया. माझ्या तोंडानं तिला पीठ बंद कर म्हणू?”

“आबा, तुम्ही सांगा.”

“मी डेअरीच्या चेअरमनला तोंडावर बोललोय,” आबा म्हणाले. “बँकेच्या सायबाला बोललोय. तिला न्हाय बोलायचा.” आणि ते गोठ्यात गेले. आमच्या घरात अवघड प्रसंग आला की गायींना पाणी पाजायची वेळ होते.

दुसऱ्या दिवशी नऊला मावशी आली. मी ठरवून बसले होते. तोंड उघडलं. “मावशी, ते डॉक्टर म्हणाले...”

“डाक्टर म्हणायलाच बसलेत. पाट दे.”

मी पाट दिला. हा माझा पराक्रम.

तिसऱ्या दिवशी मी लबाडी केली. गोळा आदल्या दिवशीच मळून ठेवायचं आईचं काम. मी आईला फितवलं आणि गोळ्यातून हळद काढली, मसूर काढली, नुसती साय आणि चिमूटभर पीठ ठेवलं. मावशीने गोळा हातात घेतला, नाकाशी धरला. “ह्यात हळद न्हाय.” ती उठली, फडताळ उघडलं, डबा तिला न सांगता सापडला, आणि मूठभर हळद आली. त्या दिवशी पोरीचा पिवळा झालेला गाल संध्याकाळपर्यंत फुटला. मी जेली लावत बसले. पिवळ्यावर पांढरं. मी आणि आई एकमेकींकडे बघत नव्हतो.

चौथ्या दिवशी मी पाण्याला हात घातला. म्हणजे हात नव्हे. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले होते, पाणी कोपराने बघा, तळहाताला कळत नाही. मावशी यायच्या आधी मी मोरीतल्या घंगाळात गार पाणी ओतून ठेवलं, कोपर बुडवलं, छान कोमट. मावशी आली, पदर खोचला, पाण्यात पंजा घातला.

“हे काय गं? पाणी निवलं समदं.”

“कोमट आहे मावशी.”

“कोमट म्हणं! पोराला सर्दी करतीस व्हय?” तिने बंबातलं दोन तांबे काढून ओतलं, पुन्हा पंजा फिरवला, मग आणखी एक. “आता कोमट हाय.”

वाफ निघत होती. मी तिच्या शेजारी वाकले आणि कोपर घातलं. ओरडायची बाकी राहिले. तिचा पंजा अजून त्या पाण्यात होता, आरामात, जसा आपण ओढ्यात हात सोडून बसतो तसा.

त्या क्षणी मी पहिल्यांदा तिचा हात बघितला. इतके दिवस रोज बघत होते, पण पोरीच्या अंगावरचा म्हणून. तळवा पांढुरका, निबर, सुकलेल्या तळ्याच्या तळासारखा चिरलेला. बोटांच्या पेरांवर खोल भेगा, आणि प्रत्येक भेगेत पीठ आणि हळद भरून बसलेली. अंगठ्याजवळच्या भेगेतून लाल दिसत होतं. तीस वर्षं, रोज आठ घरं, रोज कढत पाणी, पीठ, राख, धुरी. त्या हाताला पाणी कळणार कसं? आणि तो खडबडीत तळवा, लव निघत नाही म्हणून जोर लावून, माझ्या पोरीच्या गालावरून...

मला राग आला पाहिजे होता. तयारीही होती. पण राग येईना. मला एकदम रडूच यायला लागलं, आणि तसंच रडक्या आवाजात मी म्हणाले, “मावशी, एकदा कोपर घाला.”

“काय घालू?”

“कोपर. पाण्यात. माझ्यासाठी.”

“येड लागलं बाळंतपणात,” ती आईला म्हणाली. पण मी तिच्या पायांवरची पोर उचलून घेतली होती, मावशी मोकळी झाली होती. तिने पोलक्याची बाही वर सारली आणि कोपर पाण्यात घातलं.

आणि झटक्यात बाहेर काढलं.

बाहेर आबा गायीला “हे, हे” करत होते. मावशीने कोपराकडे बघितलं. मग पंजाकडे. मग तिने तो पंजा पुन्हा पाण्यात घातला, सावकाश, आणि ठेवला. माणूस हरवलेली वस्तू जिथे ठेवली होती तिथेच पुन्हा बघतो ना, तसा. 

“मला कोमटच लागतंय गं,” ती म्हणाली.

तिचा तो आवाज मी काढून दाखवत नाही. लोकांना मी इथे गोष्ट आवरती घेऊन पुढच्या विनोदावर नेते. पण तो आवाज होता हे खरं.

मग ती आईकडे वळली. “कवापासनं असंल?”

आईने गार पाण्याचा हंडा ओढला आणि घंगाळात ओतला. मावशी म्हणाली, “तू बघ,” आणि मी कोपर घालून बघितलं. “थोडं अजून,” मी म्हणाले. आईने थोडं अजून ओतलं. त्या दिवशी मावशीने माझ्या पोरीला पीठ लावलं नाही. नुसतं पाणी घातलं, जपून, हात वर धरून, तळवा लागू न देता. पोर रडली नाही. ती रडली नाही म्हणून मावशी दोनदा थांबली आणि तिच्या तोंडाकडे वाकून बघितलं, श्वास चाललाय ना म्हणून.

त्यानंतर आमच्याकडे कारभार असा: पाणी माझ्या कोपराचं, पाय मावशीचे, जेली आईची. धुरी गेली. आठवड्याभरात मानेची लस थांबली, खपल्या सुटल्या. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी एक एक जिन्नस पोरीच्या दंडावर लावून बघितला, ह्यांनी कारखान्यातून आणलेल्या कॅलेंडरवर तीन-तीन दिवसांची खूण करून. खोबरेल तेल पास. साय नापास. हळद तर पहिल्याच दिवशी नापास. काकू येऊन विचारायची, “माझ्या आंबेहळदीचा लंबर कवा?” मी म्हणायची, “यादीत आहे.” ती अजून यादीत आहे.

पूर्ण बरं झालं असं मात्र नाही. डॉक्टर म्हणाले तसंच झालं; निवळायचं, आणि काही कारण नसताना एक दिवस पुन्हा उठायचं. मी आदल्या दिवसाचा एक एक क्षण आठवून बघायची, काय लागलं, काय खाल्लं, कुठलं दुपटं होतं. कधी सापडायचं, बहुतेकदा नाही. तेव्हा डबी घेऊन बसायचं आणि लावत राहायचं. दुसरं हातात काही नव्हतं.

सव्वा महिन्याने मावशीची पाठवणी झाली. आईने साडी दिली, खण-नारळाने ओटी भरली. मी जेलीची नवी मोठी डबी तिच्या हातात ठेवली. “तुमच्या हाताला. रोज लावा.”

ती हसली. “हे लावून पोरांना उचलू? निसटून मोरीत पडत्याल की.”

“काम झाल्यावर लावा.”

“काम झाल्यावर भांडी हायेत, भाकरी हाय, आन् सकाळी पुन्यांदा पाणी. ह्ये टिकायचं कवा?” ती डबी फिरवून बघत होती. “बाळांना सुट्टी नसती गं.” डॉक्टरांनी जे माझ्या पोरीला सांगितलं होतं, पाण्यापासून लांब, पिठापासून लांब, ते तिला सांगायचं म्हणजे तिची आठ घरं काढून घ्यायची. तिने डबी पदराला बांधली आणि सहाव्या घराला गेली.

उन्हाळ्यात मी पोरीला घेऊन माहेरी आले. दुसऱ्याच दिवशी मावशी मागच्या दाराने हजर. पोर आता बसायला लागली होती. गालावर एक चट्टा सोडला तर साफ.

“डबी संपली का मावशी?”

“कवाच. आठ पोरांना पुरती व्हय ती?”

“म्हणजे तुम्ही ती...”

“खालच्या आळीतल्या पोराला तुझ्या लेकीवानीच झालं होतं. त्याला लावली. मग दुसऱ्या एकीच्या जुळ्यांना. पीठ मातूर मी सोडलं न्हाय हां, चांगल्या कातडीच्या पोरांना लावती. लव कशी निघंल?” ती जोरात म्हणाली, भांडायच्या तयारीने. मी भांडले नाही. “आन् आता पाणी मी बघत न्हाय,” ती जरा हळू म्हणाली. “पोराच्या आयलाच बोलावती. ये म्हणती, कोपर घाल.”

तिने दोन्ही हात पुढे केले आणि पोर खुशाल तिच्याकडे झेपावली. हात तसेच होते. भेगा, भेगांत पिवळं. तिने पोरीला कडेवर घेतलं, गाल कुरवाळायला पंजा उचलला, मग मध्येच थांबली आणि हात उलटा केला. बोटांच्या मागच्या बाजूने, जिथे कातडी अजून जरा मऊ होती तिथून, तिने तो गाल हलकेच पुसला.

“टोचतंय का गं तुला?” तिने पोरीला विचारलं.

मी आत गेले आणि माझ्या पिशवीतून पोरीची दुसरी डबी काढून आणली. तीही आठ पोरांत जाणार हे मला माहीत होतं.